बाहेरच्या भिंतीला टाइल लावताय? आधी तिला हलायला जागा द्या

बाहेरच्या भिंतीवरची टाइल सुटली की आरोप ठरलेला असतो: "माल हलका वापरला." मग पुढच्या खेपेला भारीतली टाइल येते, जास्त पकडीच्या ॲडेसिव्हच्या गोण्या येतात, आणि काही उन्हाळे गेले की त्याच मजल्यावर, त्याच ओळीत टाइल पुन्हा फुगते. आमच्या इमारतीचं बाहेरचं टाइलकाम उतरवून नव्याने करून घेताना देखरेख माझ्याकडे होती. मी इंजिनियर नाही. पण सल्लागार इंजिनियर, ॲडेसिव्ह कंपन्यांची तांत्रिक माणसं आणि परांचीवरचे मिस्त्री यांच्याशी रोज बोलून एक गोष्ट पक्की कळली: बाहेरच्या टाइलला सगळ्यात जास्त छळतं ते तापमान, आणि त्यातही झटक्यात बदलणारं तापमान.

घर बांधणारे, सोसायटीच्या समितीत नव्याने आलेले आणि साइटवर पहिल्यांदाच क्लॅडिंग, म्हणजे भिंतीवरचं बाहेरचं आच्छादन, बघणारे तरुण इंजिनियर, अशांसाठी हे लिहितोय. बाथरूम-किचनच्या टाइलला यातलं निम्मं लागू होत नाही, तेव्हा आतल्या कामाचा अनुभव इथे जसाच्या तसा वापरू नका.

## १. आधी हे पटवून घ्या: टाइल वजनाने पडत नाही

साधा हिशेब करू. १० मिमी जाडीच्या व्हिट्रिफाइड (घट्ट भाजलेल्या, जवळजवळ पाणी न पिणाऱ्या) टाइलचं वजन चौरस मीटरला साधारण २३ किलो. म्हणजे चिकटलेल्या पृष्ठभागावर वजनामुळे येणारा ताण ०.०००२३ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर. सी१ वर्गातल्या, म्हणजे अगदी साध्या सिमेंट ॲडेसिव्हलाही चाचणीत ०.५ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर इतकी पकड दाखवावी लागते. दोन हजार पटींहून जास्त! चाचणीत ओढण्याची दिशा वेगळी असते हे खरं, पण अंदाज यायला एवढं पुरे. वजनासाठी ॲडेसिव्ह कधीच कमी पडत नाही.

मग ते कमी पडतं कशाला? तर टाइल आणि भिंत यांच्या वेगवेगळ्या हालचालीला. तापमान एक अंश वाढलं की एक मीटर लांबीमागे टाइल सुमारे ०.००७ मिमी वाढते, काँक्रीट सुमारे ०.०१ मिमी, वीटकाम ०.००५ ते ०.००६ मिमी, आणि खिडकीची ॲल्युमिनियमची चौकट ०.०२३ मिमीच्या आसपास. आकडे किरकोळ दिसतात. पण खरी गोम आकड्यांत नाही, वेळेत आहे.

१० मिमीची टाइल दोन-तीन मिनिटांत गरम किंवा गार होते. तिच्यामागच्या काँक्रीटच्या १०० मिमी थराला त्यासाठी काही तास लागतात. आता वळवाच्या पावसात काय होतं बघा. दुपारभर तापून टाइल ६५ अंशांवर गेली आहे. सर आली, आणि काही मिनिटांत ती ३० वर उतरली. तीन मीटरच्या पट्ट्यात ती सुमारे ०.७ मिमी आखडायला बघते, पण मागची भिंत अजून तापलेलीच आहे आणि जागची हललेली नाही. सगळा ओढा येतो तो ॲडेसिव्हच्या थरावर आणि ग्राऊटच्या, म्हणजे टाइल्समधल्या फटी भरणाऱ्या मालाच्या, सांध्यांवर. ग्राऊटला केसाएवढी चीर पडते ती नेमकी या क्षणी, आणि याच क्षणी वरून पाणी वाहत असतं. ते आत जातं. पुन्हा ऊन पडलं की आतलं पाणी वाफ होऊन बाहेर यायला वाट शोधतं. थंड मुलखात तेच पाणी गोठतं आणि आकारमानाने सुमारे ९ टक्के फुगतं. असे फेरे वर्षानुवर्षं चालतात.

उन्हात याच्या उलट. टाइल तापून पसरते, भिंत मागे गार असते, पसरायला जागा नसते. बाकावर दाटीवाटीने बसलेले सगळेच थोडे थोडे पसरले की मधला एखादा उचलला जातो, तशी दोन टाइल्सची जोडी तंबूसारखी वर येते. टाइल स्वतः सहसा फुटत नाही. तिची ताकद या ताणाला पुरून उरते. ती सुटते.

यात एक संथ भर पडत असते, आणि बहुतेक लोक तीच विसरतात. भाजलेली माती हवेतला ओलावा घेत वर्षानुवर्षं किंचित फुगते आणि परत आखडत नाही. नवं काँक्रीट मात्र वाळत वाळत मीटरमागे ०.३ ते ०.६ मिमी आखडतं. टाइल फुगतेय आणि भिंत आकसतेय, म्हणजे टाइल आधीच दाबाखाली आहे. कडक उन्हाचा दिवस फक्त शेवटचा धक्का देतो. म्हणून "पाच वर्षं काही झालं नाही, आता कसं काय?" या प्रश्नात तसं काही नवल नाही.

## २. आपल्या भिंतीचं तापमान स्वतः मोजा

इन्फ्रारेड थर्मामीटर घ्या आणि चारही दिशांच्या भिंती पहाटे, दुपारी आणि मावळतीआधी तासभर मोजा. पश्चिमेची भिंत बहुतेक वेळा सगळ्यात वाईट निघते, कारण हवा आधीच तापलेली असताना तिच्यावर ऊन येतं. गडद रंगाची टाइल हवेपेक्षा २०-३० अंशांनी जास्त तापू शकते. त्याच भिंतीवर पांढरट टाइल त्यापेक्षा बरीच गार राहते. रंग निवडणाऱ्या मंडळींना हे आकडे दाखवा. चॉकलेटी आणि काळ्या टाइलबद्दलचं बोलणं तिथेच जरा मवाळ होतं.

मोजताना एक फसगत होते. चकचकीत टाइलवर तिरक्या कोनातून मोजलं तर यंत्र टाइलमध्ये दिसणारं आकाश मोजतं आणि आकडा खोटा, कमी येतो. भिंतीसमोर सरळ उभं राहून जवळून मोजा, किंवा टाइलवर कागदी चिकटपट्टीचा तुकडा लावून पाच मिनिटांनी त्याचं तापमान घ्या.

या जागा वेगळ्या लिहून ठेवा: एसीच्या बाहेरच्या युनिटची गरम हवा जिथे सतत आदळते ती भिंत, गच्चीचा कठडा (दोन्ही बाजूंनी तापतो, दोन्ही बाजूंनी निवतो), आणि टाइलच्या मागे उष्णतारोधक थर्माकोलचा थर असलेला भाग. शेवटचं ऐकून अनेकांना आश्चर्य वाटतं. पण थर्माकोलमुळे उष्णता आत जाऊ शकत नाही, ती टाइलमध्येच कोंडते, आणि टाइलचे चढउतार वाढतात. अशा भिंतीला गडद टाइल लावूच नये असं माझं मत आहे.

## ३. खरेदीआधी हे कागद मागा

दुकानात नमुना हातात देतात, तो बघून काही कळत नाही. कागद मागा:

- टाइलचं तांत्रिक पत्रक, त्यात आयएसओ १३००६ प्रमाणे गट. बाहेरच्या भिंतीसाठी पाणी शोषण ०.५ टक्क्यापर्यंतचा, म्हणजे बीआयए गट बघा.
- आयएसओ १०५४५ मधल्या चाचण्यांचे निकाल: भाग ८ उष्णतेने होणारी वाढ, भाग ९ तापमानाचा झटका, भाग १० ओलाव्याने होणारी वाढ. गोठवणाऱ्या हवामानात भाग १२ सुद्धा.
- ॲडेसिव्हचा वर्ग, आयएसओ १३००७ किंवा ईएन १२००४ प्रमाणे.
- सिलंटचं (सांधे भरायच्या रबरासारख्या लवचिक मालाचं) पत्रक, त्यात तो किती टक्के हालचाल सोसतो हे स्पष्ट लिहिलेलं.
- कंत्राटदाराने सही केलेला सांध्यांचा नकाशा. त्याबद्दल पुढे.

भाग ९ च्या निकालाने हुरळून जाऊ नका. त्या चाचणीत टाइलला १५ आणि १४५ अंशांच्या दरम्यान दहा फेरे देतात आणि चांगली टाइल ते सहज पार करते. पण ती चाचणी सुट्या टाइलची. भिंतीला चिकटलेल्या, चहूबाजूंनी दाबलेल्या टाइलबद्दल ती काहीच सांगत नाही. विक्रेता हा कागद पुढे करून "उन्हाचा काही प्रश्नच नाही" म्हणेल. त्याचं टाइलपुरतं बरोबरच असतं.

ॲडेसिव्हच्या गोणीवरची अक्षरं वाचायला शिका. सी२ म्हणजे पकड किमान १ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर. टी म्हणजे उभ्या भिंतीवर टाइल घसरणार नाही. ई म्हणजे पसरल्यावर जास्त वेळ उघडं राहू शकतं. आणि आपल्या कामाचं सगळ्यात महत्त्वाचं चिन्ह एस१ किंवा एस२: ॲडेसिव्हची वाळलेली पातळ पट्टी तुटण्याआधी किती वाकते त्याचं माप. एस१ ला किमान २.५ मिमी, एस२ ला ५ मिमी. बाहेरच्या भिंतीला सी२टीई एस१ पेक्षा कमी घेऊ नका. मोठ्या आकाराची गडद टाइल असेल तर एस२. गोणीवर ठळक अक्षरात 'फ्लेक्सिबल' छापलंय आणि एस१ कुठेच नाही, तर त्या फ्लेक्सिबलला काही अर्थ नाही.

सिमेंटचा घोळ पाठीला फासून टाइल ठोकायची जुनी पद्धत व्हिट्रिफाइड टाइलला चालत नाही. ती पाणीच शोषत नाही, मग सिमेंट तिच्यात रुतणार कुठे? जुन्या मिस्त्रींशी यावरून वाद होईल. ते शिकले तेव्हाची टाइल वेगळी, सच्छिद्र होती, एवढं सांगितलं की बहुतेक जण ऐकतात.

## ४. सांध्यांचा नकाशा: सगळं काम इथे ठरतं

एकच पायरी नीट करायला वेळ असेल तर ही करा. टाइल्समधली ग्राऊटची रेघ हा हालचालीचा सांधा नव्हे. ग्राऊट कडक असतं. हालचालीचा सांधा म्हणजे टाइल आणि ॲडेसिव्ह या दोन्हीतून थेट भिंतीपर्यंत जाणारी मोकळी खाच, जी लवचिक सिलंटने भरतात.

तो कुठे हवा?

आडवा सांधा प्रत्येक मजल्यावर, स्लॅब-बीमच्या पातळीला. काँक्रीटची चौकट भाराखाली वर्षानुवर्षं थोडी थोडी खाली बसते आणि टाइलला उभी चेपते. हा सांधा ते चेपणं गिळतो. उभे सांधे ३ ते ४.५ मीटरवर. पश्चिमेला किंवा गडद टाइलला ३ मीटरच धरा. आतल्या प्रत्येक कोपऱ्यात. वीटकाम संपून काँक्रीटचा कॉलम सुरू होतो त्या रेषेवर, कारण दोघांची वाढ दुप्पट वेगळी. खिडकीच्या चौकटीभोवती आणि पाइपाभोवती, कारण ॲल्युमिनियम टाइलच्या तिप्पट वाढतं. इमारतीचा मूळ एक्स्पान्शन जॉइंट (बांधकामातच हालचालीसाठी सोडलेली फट) असेल तर तो टाइलमधूनही त्याच रुंदीने वर आणायचा. त्यावरून टाइल पूल टाकल्यासारखी नेली तर पहिल्याच वर्षी तडकते.

रुंदी किती? बरेच जण ६ मिमी म्हणतात. मी १० च्या बाजूचा आहे, आणि कारण हिशेबात आहे. ४ मीटरचा पट्टा, हिवाळ्यातल्या पहाटे १० अंश आणि उन्हाळ्यातल्या दुपारी ६५, म्हणजे ५५ अंशांचा फरक: ०.००७ गुणिले ४ गुणिले ५५, सुमारे १.५ मिमी. अधिक-उणे २५ टक्के हालचालीचा सिलंट ६ मिमीच्या सांध्यात बरोबर १.५ मिमी सोसतो. म्हणजे काठावर पास. ओलाव्याची फुगवट, काँक्रीटचं आकसणं, मिस्त्रीच्या हाताची उणीव-अधिक, यातल्या कशालाही जागा उरली नाही. १० मिमीत तोच सिलंट २.५ मिमी सोसतो.

नकाशा इमारतीच्या दर्शनी चित्रावरच काढा आणि टाइलच्या मापाशी जुळवा. टाइल ६०० मिमीची असेल तर पाच टाइल्सवर सांधा पडतो, टाइल कापावी लागत नाही आणि रेघ डोळ्याला खुपत नाही. काम सुरू झाल्यावर सांधे 'बसवायला' गेलात तर कुरूप दिसतील, आणि मग कोणीतरी ते भरून टाकायला सांगेल.

भरून टाकणं, हाच तो मोठा सापळा. मिस्त्रीला मोकळी खाच म्हणजे अर्धवट काम वाटतं. आमच्या इथे कंत्राटदाराच्या माणसांनी एका बाजूचे सगळे सांधे संध्याकाळी ग्राऊटने नीटनेटके भरून टाकले होते, तेही कौतुकाच्या अपेक्षेने. दुसऱ्या दिवशी ते खरवडून काढायला लागले. तेव्हा प्रत्येक सांध्यात टाइल लावतानाच थर्माकोलची पट्टी दाबून ठेवा आणि वर रंगीत चिकटपट्टी लावा. मनाईचा कागद डकवण्यापेक्षा हे जास्त चालतं.

## ५. भिंत

टाइल ज्याला चिकटते ते स्वतः सुटलं, तर वरचं सगळं व्यर्थ. काँक्रीट आणि गिलावा किमान २८ दिवसांचा हवा, म्हणजे आकसण्याचा सुरुवातीचा जोर ओसरलेला असतो. काँक्रीटवर शटरिंगचं तेल राहिलं असेल तर पाणी शिंपडून कळतं: थेंब शोषला न जाता मोत्यासारखा उभा राहिला, तर घासून काढा. गुळगुळीत काँक्रीटला टाचे मारून खरबरीत केल्याशिवाय गिलावा करू देऊ नका. जुन्या रंगावर टाइल नाही. गिलाव्यावर लाकडी हातोडीने ठोकून पोकळ भाग शोधा, चौकोनी कापून काढा. वीट आणि काँक्रीट यांच्या जोडावर गिलाव्यात जाळी हवी, आणि वर सांगितल्याप्रमाणे सांधाही.

भिंतीचा ओळंबा गिलाव्यातच दुरुस्त करून घ्या. ॲडेसिव्हचे जाड थर देऊन भिंत सरळ करायला लागलात तर तो थर स्वतःच आकसतो.

## ६. लावायचा दिवस आणि वेळ

अवजारं हाताशी ठेवा: १० मिमी खाचांची थापी, रबरी हातोडी, स्पेसर, पाणसळ, ओळंबा, मोजमापाचं भांडं, मिक्सर लावलेलं ड्रिल, ओली फडकी, इन्फ्रारेड थर्मामीटर, सावलीसाठी जाळी.

भिंतीचं तापमान ५ ते ३५ अंशांच्या दरम्यान असेल तेव्हाच काम. हवेचं नव्हे, भिंतीचं. सूर्याच्या मागून चाला: पश्चिमेची भिंत सकाळी, पूर्वेची दुपारनंतर. ऊन टळत नसेल तर परांचीवर जाळी टांगा. वर्षातला मधल्या तापमानाचा काळ मिळाला तर उत्तमच. कडाक्याच्या थंडीत लावलेली टाइल उन्हाळ्यात सगळ्यात जास्त दाबली जाते, भर उन्हाळ्यात लावलेली थंडीत सगळ्यात जास्त ताणली जाते.

टाइलची पाठ बोटाने पुसून बघा. बऱ्याच टाइल्सवर भट्टीतली पांढरी भुकटी असते आणि ती असताना ॲडेसिव्ह टाइलला चिकटतच नाही, भुकटीला चिकटतं. ओल्या फडक्याने पुसायची, वाळू द्यायची. कंटाळवाणं काम आहे, हजारो टाइल्सचं. त्यासाठी एक माणूस वेगळा नेमा, नाहीतर होत नाही.

ॲडेसिव्हमध्ये पाणी गोणीवर लिहिलंय तेवढंच, मोजून. घमेल्यात घट्ट झालेल्या मालात पुन्हा पाणी मारून सैल करायचं नाही. तो माल फेकायचा.

आता सगळ्यात जास्त टाइल्स जिथे मरतात ती गोष्ट. ॲडेसिव्ह भिंतीवर पसरल्यावर किती वेळात टाइल बसवावी याचे गोणीवरचे २० किंवा ३० मिनिटांचे आकडे प्रयोगशाळेतल्या २३ अंशांचे असतात. तापलेल्या, वारा लागणाऱ्या भिंतीवर पाच मिनिटांतही ॲडेसिव्हवर साय धरते. बघायला ते ओलंच दिसतं. बोट टेकवून उचला: बोटाला माल लागला तर ठीक, बोट कोरडं आलं तर तो पट्टा खरवडून फेका. वरून पाण्याचा हबका मारून 'जिवंत' करू देऊ नका. एका वेळी चौरस मीटरपेक्षा कमीच पसरा.

खाचांच्या रेघा सगळ्या एकाच दिशेने, आडव्या. गोल गोल फिरवलेल्या रेघांत हवा अडकते. टाइलच्या पाठीलाही पातळ थर द्या. टाइल टेकवून रेघांना काटकोनात किंचित सरकवत दाबा, म्हणजे रेघा आडव्या पडून एकमेकींत मिसळतात. बाहेरच्या कामाला पाठीचा ९५ टक्के भाग भरलेला हवा. पाच ठिकाणी गोळे लावून टाइल चिकटवणाऱ्याला परांचीवरून खाली बोलवा. गोळ्यांमधल्या पोकळीत पाणी साचतं, आणि सगळा ताण त्या पाच जागांवर येतो.

भरलंय की नाही हे बाहेरून कळत नाही. त्यासाठी रोज, प्रत्येक मिस्त्रीमागे एक टाइल, बसवल्यावर लगेच उचकटून बघा. न सांगता. पाठीवर रेघा अजून रेघांसारख्याच उभ्या दिसल्या, तर टाइल नीट दाबलेली नाही. कोपरे कोरडे दिसले, तर पाठीला थर दिलेला नाही. माल चकचकीत आणि खुणेविना दिसला, तर साय धरलेल्या मालावर टाइल बसवली आहे. पहिल्या आठवड्यात मिस्त्री वैतागतात. नंतर स्वतःच उचकटून दाखवतात.

टाइलला टाइल टेकवून बिनसांध्याचं काम बाहेर करूच नका. स्पेसर किमान ५ मिमी.

## ७. ग्राऊट आणि सिलंट

ग्राऊट निदान एक-दोन दिवसांनी, उन्हात नाही. खरं तर जितके दिवस सांधे उघडे राहतील तितकं मागचं ॲडेसिव्ह बरं वाळतं. पॉलिमरचं, कमी पाणी पिणारं ग्राऊट घ्या.

हालचालीच्या सांध्यात पॉलियुरेथेन किंवा न्यूट्रल क्युअर सिलिकॉन. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन सिमेंटच्या कामाला नको. सिलंटची खोली रुंदीच्या साधारण निम्मी, आणि तो फक्त दोन्ही बाजूंच्या टाइलच्या कडांना चिकटायला हवा, तळाला नाही. तळालाही चिकटला तर ताणताना मधूनच फाटतो. त्यासाठी तळाशी फोमचा बॅकर रॉड दाबतात; खोली पुरत नसेल तर न चिकटणारी बॉण्ड ब्रेकर टेप. सांधा भरण्याआधी बोट घालून धूळ आहे का बघा. धुळीला चिकटलेला सिलंट वर्षभरात कडेने सुटतो.

नंतर रंगाऱ्यांनी सिलंटवर रंग मारला तर मारू द्या, तो उखडून निघेल, एवढंच. पण तापलेल्या भिंतीवर दुपारी थंड पाण्याचा पाइप धरून धुलाई करू देऊ नका, आणि सिमेंटचे डाग काढायला ॲसिड तर अजिबातच नको. ते ग्राऊटही खातं.

## ८. जुनी टाइल असेल तर

आधी खालचा रस्ता बंद करा. ३०० बाय ६०० ची टाइल सुमारे चार किलोची. २० मीटरवरून पडली तर जमिनीवर येईपर्यंत ताशी ७० किलोमीटरचा वेग घेते. १९८९ मध्ये जपानमधल्या किताक्यूशू शहरात इमारतीच्या बाहेरच्या टाइल्स कोसळून माणसं दगावली होती. तिथे आता टाइलच्या भिंती ठराविक वर्षांनी ठोकून तपासाव्या लागतात. सिंगापूरनेही २०२२ पासून १३ मीटरहून उंच आणि २० वर्षांहून जुन्या इमारतींची बाहेरची तपासणी दर सात वर्षांनी सक्तीची केली आहे. तुमच्याकडे सक्ती नसली तरी तपासणी करा.

ठोकून बघणं हाच पाया. दांड्याच्या टोकाला लहान स्टीलचा गोळा लावून टाइलवरून फिरवा. भरीव टाइल खणखणीत बोलते, सुटलेली बद्द. थर्मल कॅमेऱ्याने काम लवकर होतं, पण भिंत तापत किंवा निवत असतानाच, कारण पोकळ टाइल दिवसा लवकर तापते आणि संध्याकाळी लवकर निवते. ढगाळ दिवशी काहीच दिसत नाही.

पडलेली टाइल फेकू नका. तिची पाठ बघा, सगळं तिथे लिहिलेलं असतं. पाठ स्वच्छ, ॲडेसिव्ह भिंतीवर राहिलं: भुकटी पुसली नव्हती किंवा साय धरली होती. ॲडेसिव्ह टाइलसोबत आलं आणि भिंत स्वच्छ: भिंतीची तयारी कच्ची. गिलावाच सोबत आला: दोष गिलावा आणि काँक्रीटच्या जोडात, टाइल बदलून उपयोग नाही.

भिंतीवरचंही वाचता येतं. मजल्याच्या पातळीला सरळ आडवी फुगवट म्हणजे तिथे आडवा सांधा नाही. टाइल आणि ग्राऊट दोन्ही कापत गेलेली सलग चीर म्हणजे मागची भिंत तडकली आहे. सांध्यांतून पांढरे ओघळ म्हणजे पाणी मागे फिरतंय. नुसत्या चकाकीवरचं कोळ्याच्या जाळ्यासारखं बारीक जाळं हा टाइलच्याच काचेरी थराचा दोष. दिसायला वाईट, पण त्याने टाइल सुटत नाही.

दुरुस्ती करताना क्रम महत्त्वाचा. आधी सांधे कापा, मग टाइल काढा. दाबाखाली असलेल्या भिंतीवर थेट छिन्नी चालवली तर शेजारच्या धडधाकट टाइल्सही सुटत जातात. स्लॅबच्या पातळीची ग्राऊटची रेघ ग्राइंडरने भिंतीपर्यंत कापून मोकळी करा, धूळ शोषून घ्या, तोंडाला मास्क हवाच. दाब मोकळा झाल्यावर पुन्हा एकदा ठोकून तपासा आणि मगच काय काढायचं ते ठरवा. बरेचदा काढायचा भाग पहिल्या अंदाजापेक्षा वेगळाच निघतो. स्टीलच्या पिना आणि एपॉक्सी भरून पोकळ टाइल जागच्या जागी धरता येते, पण ते सांधे दिल्यानंतर. फार उंचीवर मोठ्या आणि जड टाइल्स असतील तर नुसत्या चिकटकामाच्या भरवशावर राहू नका. यांत्रिक क्लिपा किंवा मागे हवेची पोकळी ठेवून लोखंडी सांगाड्यावर टांगलेलं क्लॅडिंग, याचा विचार स्ट्रक्चरल इंजिनियरबरोबर करा.

बदललेल्या तुकड्याच्या चारी कडांना ग्राऊटऐवजी सिलंट द्या, कारण नवं ॲडेसिव्ह आणि जुनी भिंत एकमेकांच्या तालाने हलत नाहीत. आणि नवं काम असो वा जुनं, शिल्लक टाइलची काही खोकी कोरड्या जागी ठेवून द्या. त्याच नावाची टाइल पुढच्या वर्षी आणली तर माप मिलिमीटरभर वेगळं असू शकतं. शेड (रंगछटा) आणि कॅलिबरचा (नेमक्या मापाचा) नंबर खोक्यावर छापलेला असतो. तेवढा पुठ्ठा कापून सांध्यांच्या नकाशाबरोबर फाइलला लावा.